इतिहासाचार्य राजवाडे आणि त्यांचे बावीस खंड

आपल्यापैकी जे महाविद्यालयात शिकवतात किंवा ज्यांच्या घरी कोणी पीएच.डी.साठी धडपडत आहे, त्यांच्या कानावर दोन प्रश्न नेहमी पडत असतील. यंदा किती शोधनिबंध छापून आले? आणि त्या निबंधांचा हवाला पुढे किती जणांनी दिला? हवाले मोजण्याची ही कल्पना अमेरिकेतील युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली मांडली. पुढील दशकात तशा सूच्या छापून निघू लागल्या. २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने त्यावरून एकच आकडा काढण्याची रीत सांगितली. ज्याच्या दहा लेखांना प्रत्येकी निदान दहा हवाले मिळाले, त्याचा अंक दहा. हिशेब सोपा आहे, म्हणूनच तो सर्वांना आवडला.

आता या मापाने आपण एका माणसाला मोजून पाहू. हा माणूस आपल्या खानदेशात, धुळ्याला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारला. त्याने जन्मभर मराठीतच लिहिले. तो कोणत्याही विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता. ज्या नियतकालिकांत त्याचे लेख आले त्यांतील बहुतेक केव्हाच बंद पडली, आणि मोठ्या सूच्यांत त्यांची नावेही सापडणार नाहीत. म्हणजे त्याचा अंक शून्याच्या आसपासच यायचा. तरीही सतराव्या-अठराव्या शतकातील महाराष्ट्रावर गंभीरपणे लिहू पाहणाऱ्या कोणालाही गेली शंभर-सव्वाशे वर्षे त्याच्या दारावरून जावेच लागते. हे गृहस्थ म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

त्यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. शिक्षण पुण्यात झाले. रडतखडत झाले असेही म्हणता येईल, कारण नेमलेल्या पुस्तकांपेक्षा न नेमलेल्या पुस्तकांवर त्यांचा जीव अधिक होता. बी.ए. झाल्यावर काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. पत्नीचे अकाली निधन झाले, त्यांनी पुन्हा लग्न केले नाही आणि नोकरीही पुन्हा धरली नाही. नंतर ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढून पाश्चात्त्य ग्रंथ मराठीत आणण्याचा उद्योग आरंभला. प्लेटोचा ‘रिपब्लिक’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत उतरवला तो याच काळात. मासिक फार दिवस चालले नाही.

अशा वेळी वाईला त्यांच्या हाती जुन्या पत्रांचे एक दप्तर आले. पानिपतच्या रणसंग्रामापूर्वीच्या दहा-अकरा वर्षांतील तो पत्रव्यवहार होता. ती पत्रे लावून, वाचून १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढील वीस वर्षांच्या आत असे एकंदर बावीस खंड निघाले. काही स्वतंत्र छापले गेले, तर पुष्कळसा मजकूर प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाला’ मासिकातून बाहेर पडला.

खंड छापणे म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्याला समजावून सांगितले पाहिजे. अंगावर साधे कपडे, खांद्यावर घोंगडी, अशा वेषात हा माणूस गावोगाव पायी हिंडे. कोणा देशमुखाच्या, कुलकर्ण्याच्या, भटजीच्या घरी माळ्यावर रुमालात बांधलेले कागद आहेत असे कळले की तेथे जाऊन बसे. घरच्यांना संशय येई की हा वतनाचा काही दावा लावायला आला आहे. दिवसेंदिवस विनवण्या करून एखादा रुमाल सुटे. त्यात वाळवी, कसर आणि उंदरांनी कुरतडलेली मोडी पत्रे असत. त्यांची नक्कल स्वतः करायची, तिथी-मित्या ताडून साल ठरवायचे, मग छापखान्याचे पैसे उभे करायचे. जेवण स्वतःच्या हाताने रांधलेले, बहुधा एकवेळचे.

आपल्या वाचकांना या कामातील एक गंमत विशेष आवडेल. कागद, शाई, दप्तर, रुमाल, सनद, फर्द, महजर, खुर्दखत हे संशोधकाच्या हातातले शब्दच मुळी अरबी-फारसीतून आलेले. राजवाड्यांच्या हे नजरेत भरले. एका खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी वेगवेगळ्या काळातील मराठी पत्रे घेतली, त्यांतील एकेक शब्द मोजला आणि शिवकालापासून फारसी शब्दांचे प्रमाण कसे उतरत गेले ते आकड्यांनी दाखवले. भाषेचा इतिहास असा शब्द मोजून लिहिण्याची रीत त्या काळच्या मराठीत अगदी नवी होती.

येथे एक कटू गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सुलतानी राजवटींबद्दल लिहिताना राजवाड्यांची लेखणी वारंवार कठोर आणि एकांगी झाली आहे. ते वाचताना आपल्याला बोचेल, आणि बोचावे. परंतु त्यांनी छापलेले कागद त्यांच्या मतांपेक्षा मोठे निघाले. आदिलशाही-निजामशाही अमलातील महजर काढून पाहा. गावच्या वतनाचा तंटा आहे, निवाड्याला पाटील, कुलकर्णी, बलुतेदार जमले आहेत, त्यांतच गावचा मुलाणा आहे आणि काझीची नोंद आहे. ज्या प्रस्तावनेत संपादक दोन समाजांची वैरकथा सांगतो, तिच्याच मागच्या पानांवर हे लोक एका पारावर बसलेले दिसतात. राजवाड्यांनी आपल्या मताला अडचणीचा म्हणून कागद दडवला असता, तर हे आपल्याला कळते ना.

पहिल्या खंडाचेच पाहा ना. पानिपतच्या अपयशाचे खापर त्यांनी प्रस्तावनेत गोविंदपंत बुंदेले आणि मल्हारराव होळकर यांच्यावर फोडले. पुढच्या इतिहासकारांनी हा निवाडा जसाच्या तसा स्वीकारला नाही. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी १९४६ साली पानिपतावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो लिहितानाही राजवाड्यांनी उजेडात आणलेली पत्रे त्यांच्यापुढे होतीच. म्हणजे राजवाड्यांशी भांडायचे तर त्यांचाच खंड उघडावा लागतो. सर जदुनाथ सरकारांसारखा बंगाली पंडित मराठी शिकला तो अशाच छापील साधनांसाठी. जपानचे हिरोशी फुकाझावा दख्खनच्या खेड्यांचा अभ्यास करू लागले तेव्हा त्यांनाही या मराठी कागदांकडेच यावे लागले. इतिहासाच्या ग्रंथांत तळटिपेला ‘राजवाडे, खंड अमुक, लेखांक तमुक’ अशी नोंद इतकी रुळली आहे की तिचा अर्थ कोणी समजावून सांगत नाही.

म्हणून नुसता हवाला मोजून भागत नाही, तो कशासाठी दिला हेही पाहावे लागते. राजवाड्यांच्या व्युत्पत्त्या आणि भरधाव निष्कर्ष पुष्कळदा खोडण्यासाठी उद्धृत होतात, तर त्यांचे कागद आधारासाठी. आकड्यात दोन्ही सारखेच धरले जातात.

दोषही सांगितला पाहिजे. मूळ कागद कोणाच्या घरी होता, आता कोठे आहे, हे ते सर्वत्र काटेकोरपणे नोंदवत नसत. पंधराव्या खंडात छापलेल्या दादाजी नरसप्रभूंच्या नावच्या पत्राच्या अस्सलपणाबद्दल विद्वानांत वाद झाले. १९०९ साली त्यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. तिची संहिता इतकी मोलाची ठरली की शासनाने १९६० साली काढलेल्या प्रतीलाही तिचाच आधार घ्यावा लागला. मात्र ती मूळ पोथी अभ्यासकांना ताडून पाहायला मिळाली नाही, त्यामुळे तिच्या प्राचीनत्वाबद्दलचा वाद मिटला नाही. खानदेशात थाळनेरपासून बुऱ्हाणपूरपर्यंत फारुकी सुलतानांचा अंमल होता. आपल्यापैकी कोणाच्या घरी पेटीत फारसी किंवा मोडी कागद असतील, तर ते सुटे करण्याआधी कोणत्या गावच्या कोणत्या घरातले, एवढे तरी एका चिठ्ठीवर लिहून त्याच रुमालात ठेवा.

७ जुलै १९१० रोजी त्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. पुढे तेथे मतभेद झाले. स्वभाव तापट, तडजोड ठाऊक नाही. ते बाहेर पडले. अखेरच्या काळात धुळ्याने त्यांना आसरा दिला. येथे भास्कर वामन भट यांच्यासारखे जिव्हाळ्याचे सहकारी होते. ‘राधामाधवविलासचंपू’ १९२२ साली आणि ‘महिकावतीची बखर’ १९२४ साली, दोन्ही विस्तृत प्रस्तावनांसह, याच उतरत्या वर्षांत बाहेर आली. विवाहसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी हात घातला तेव्हा सनातनी मंडळी खवळली, आणि ते लेखन अपुरेच राहिले.

मृत्यूनंतर अवघ्या नऊ दिवसांनी, ९ जानेवारी १९२७ रोजी, धुळ्याच्या मंडळींनी राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. मागे राहिलेली दप्तरे आणि शब्दांची टिपणे त्यांनी सांभाळली. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेल्या साने गुरुजींनी त्यांचे चरित्र लिहिले. टिपणांतून कृ. पां. कुलकर्णी यांनी १९३७ साली धातुकोश आणि १९४२ साली नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोश संपादून दिला, तोही धुळ्याच्या मंडळातर्फेच. विवाहसंस्थेवरचे अपुरे पुस्तक तर १९७६ साली मुंबईला छापून निघाले. तोवर लेखकाला जाऊन पन्नास वर्षे होत आली होती.