पडद्यावरची जोडी, पडद्यामागचं घर

रॉमकॉम बघायला बसलात की पहिल्या दहा मिनिटांत तुम्हाला अंदाज येतो. हा आणि ही एकमेकांशी कडाकडा भांडतायत ना, म्हणजे शेवटी एकत्र येणार! आधी टोमणे, मग गैरसमज, मग पाऊस किंवा एअरपोर्ट आणि शेवटी मिठी. हा फॉर्म्युला ओटीटीवाल्यांनी शोधला असं वाटत असेल तर जरा थांबा. तुमच्या आजी-आजोबांच्या जन्माच्या आसपास हॉलिवूडमध्ये या भांडणांवर आख्खे स्टुडिओ चालायचे.

त्या काळात हिट जोडी जमली की स्टुडिओ तिला सोडायचे नाहीत. फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स नाचत नाचत 10 सिनेमे करून गेले. विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय यांनी तर 14 केले. हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बकॉल यांचे फक्त चार, पण ते दोघं खरोखरच नवरा-बायको झाले. आणि मग येतात स्पेन्सर ट्रेसी आणि कॅथरिन हेपबर्न. 25 वर्षांत 9 सिनेमे. ‘कपल गोल्स’ हा शब्द तेव्हा असता तर तो यांच्याच फोटोखाली लागला असता. पण त्यातल्या स्पेन्सरचं आयुष्य नीट बघितलं तर ही गोष्ट दोघांची नाही, निदान तिघांची तरी आहे. म्हणूनच ती सांगावीशी वाटते.

स्पेन्सरचा जन्म 5 एप्रिल 1900 चा, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातला. वडील ट्रक विकायचे. घर आयरिश कॅथलिक, शिस्तीचं. आणि पोरगा? शाळेत मन न लागणारा, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणारा. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी तो नौदलात भरती झाला, पण प्रत्यक्ष लढाई बघायच्या आधीच युद्ध संपलं. मग रिपन कॉलेज. तिथे तो वादविवादाच्या टीममध्ये होता, नाटकात काम करायला लागला आणि पहिल्यांदा त्याला काहीतरी मनापासून जमलं. पुढे न्यूयॉर्कच्या अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये शिकायला गेला.

ब्रॉडवेवर त्याचं पहिलं काम कोणतं होतं माहितीये? रोबोटचं! कारेल चापेकच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकात, 1922 साली. ‘रोबोट’ हा शब्द जगाला याच नाटकाने दिला. भूमिकेला एकही वाक्य नव्हतं. ज्याच्या अभिनयाला पुढे सगळं हॉलिवूड सलाम करणार होतं, त्याची सुरुवात गप्प उभं राहण्यापासून झाली.

मग गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपन्या. अशाच एका कंपनीत त्याला लुईस ट्रेडवेल भेटली. ती तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त अनुभवी अभिनेत्री होती. 1923 मध्ये दोघांनी लग्न केलं आणि 1924 मध्ये मुलगा झाला, जॉन. तो साधारण दहा महिन्यांचा असताना एकदा दार जोरात आपटलं आणि झोपलेलं बाळ जराही दचकलं नाही. लुईसने हाक मारली, पुन्हा मारली. बाळ हललं नाही. जॉनला ऐकूच येत नव्हतं.

इथे दोघांच्या वाटा वेगळ्या व्हायला लागल्या. लुईसने अभिनय सोडला आणि मुलाला बोलायला शिकवायचं हेच काम मानलं. स्पेन्सरने कामात डोकं खुपसलं आणि दारूतही. स्वतःचं काहीतरी चुकलं म्हणून मुलाला हे भोगावं लागतंय, हा अपराधगंड त्याच्या मनातून गेला नाही, असं त्याला ओळखणारे बहुतेक जण सांगत आले. दारूचं व्यसनही बरीच वर्षं सुटलं नाही. मोठा कलाकार म्हटला की दारूच्या किश्श्यांना आपण जरा ग्लॅमर देतो. इथे तसं काही नाही. दिवसेंदिवस गायब होणारा, सेटवर न पोचणारा, घरी परत न येणारा माणूस म्हणजे घरच्यांसाठी नुसता घोर.

1930 मध्ये ब्रॉडवेवर ‘द लास्ट माइल’ या नाटकात त्याने फाशीची वाट बघणाऱ्या कैद्याचं काम केलं. दिग्दर्शक जॉन फोर्डने ते बघितलं आणि थेट ‘अप द रिव्हर’ या सिनेमात घेतलं. त्याच सिनेमात अजून एक नवखा नट होता, हम्फ्री बोगार्ट. दोघं चांगले मित्र झाले, पण पुन्हा कधी एकत्र पडद्यावर आले नाहीत.

फॉक्स स्टुडिओत पाच वर्षांत 25 च्या आसपास सिनेमे केले, तरी तो स्टार झाला नाही. 1935 मध्ये एमजीएममध्ये आला आणि गाडी सुटली. ‘कॅप्टन्स करेजस’मधला पोर्तुगीज कोळी मॅन्युएल आणि ‘बॉइज टाउन’मधले फादर फ्लॅनगन या दोन भूमिकांसाठी त्याला लागोपाठ दोन वर्षं ऑस्कर मिळालं. असं करणारा तो पहिला नायक. पहिल्या ऑस्करच्या वेळी तो हॉस्पिटलमध्ये होता, त्यामुळे स्टेजवर जाऊन बाहुली घेतली ती लुईसने. हा तपशील लक्षात ठेवा.

त्याच्या अभिनयात एवढं काय होतं? ‘ॲक्टिंग’ दिसायचीच नाही! समोरचा बोलत असताना तो नुसता ऐकायचा, आणि कॅमेरा ऐकणाऱ्यावरच थांबायचा. आज वेब सिरीजमध्ये आपण ज्याला ‘नॅचरल’ म्हणतो, ते हा माणूस तीसच्या दशकात करत होता. तेव्हा बाकीचे बरेच जण अजून नाटकाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात बोलत होते.

आता कॅथरिन. 1938 मध्ये थिएटरवाल्यांनी तिला ‘बॉक्स ऑफिसचं विष’ ठरवून टाकलं होतं. तोंडावर बोलणारी, पँट घालून फिरणारी, मुलाखती टाळणारी बाई लोकांना झेपत नव्हती. ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ने तिने जोरदार कमबॅक केला. मग तिने ‘वुमन ऑफ द इयर’ची पटकथा स्वतः एमजीएमला विकली आणि हीरो म्हणून स्पेन्सरच हवा असा आग्रह धरला. तोवर ती त्याला भेटलीही नव्हती. तो 41 चा, ती 34 ची.

सिनेमात ती जग फिरणारी राजकीय पत्रकार, तो क्रीडा पत्रकार. एकाच पेपरात दोघांची जुंपते, प्रेम होतं, लग्न होतं. ती त्याच्याहून हुशार, जास्त प्रसिद्ध, आणि त्याला ते आवडतं! 1942 मध्ये हे किती वेगळं असेल विचार करा. पण शेवट मात्र बदलला गेला. एवढी कर्तबगार बाई नवऱ्यासाठी नाश्ता करायला जाते आणि स्वयंपाकघरात तिची फजिती होते, असा सीन घातला. कॅथरिनला तो शेवट अजिबात आवडला नव्हता. तुम्हालाही आवडणार नाही. बघा मात्र नक्की, कारण पुढच्या सात-आठ वर्षांत ही जोडी कुठून कुठे गेली ते त्यामुळेच कळतं.

‘ॲडम्स रिब’ आला 1949 मध्ये. एका बाईने बाहेरख्याली नवऱ्यावर गोळी झाडलीये. नवरा सरकारी वकील म्हणून तिच्या विरोधात उभा, आणि त्याचीच बायको आरोपी बाईच्या बाजूने! पुरुषाने हेच केलं असतं तर कोर्टाने वेगळा न्याय लावला असता का, हा तिचा मुद्दा. दिवसभर कोर्टात भांडायचं, मध्येच टेबलाखाली वाकून एकमेकांना बघायचं आणि संध्याकाळी एकाच घरी जायचं. रूथ गॉर्डन आणि गार्सन केनिन या खऱ्याखुऱ्या नवरा-बायकोने लिहिलेला हा सिनेमा आजही जुना वाटत नाही. मग 1952 मध्ये ‘पॅट अँड माइक’ आला. त्यात कॅथरिन गोल्फ आणि टेनिस स्वतः खेळली आणि स्पेन्सर तिचा मॅनेजर झाला.

आणि 1957 चा ‘डेस्क सेट’ तर आपल्या पिढीने बघायलाच हवा. एका टीव्ही कंपनीच्या संशोधन विभागात चार बायका लोकांच्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर फोनवर देत असतात, म्हणजे चालतंबोलतं गुगलच. तिथे स्पेन्सर एक भलामोठा कॉम्प्युटर घेऊन येतो. सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, आता आपली नोकरी जाणार! पुढे पगाराचं मशीन चुकून सगळ्यांनाच नारळ देतं, अगदी कंपनीच्या प्रमुखालाही. एआयमुळे प्लेसमेंटचं काय होणार म्हणून तुमची झोप उडाली असेल, तर ही भीती किती जुनी आहे ते इथे हसत हसत कळेल. हा सिनेमा लिहिणाऱ्या फीबी आणि हेन्री एफ्रन या जोडप्याची मुलगी म्हणजे नोरा एफ्रन, ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ची लेखिका. तुमच्या रॉमकॉमचं मूळ असं इथपर्यंत जातं.

पडद्यामागे काय चाललं होतं? ‘वुमन ऑफ द इयर’च्या वेळेपासून दोघं एकमेकांच्या प्रेमात होते. पण स्पेन्सरने लुईसला घटस्फोट दिला नाही. कोणी म्हणतं धर्मामुळे, कोणी म्हणतं अपराधगंडामुळे. कारण काहीही असो, दोन बायकांचं आयुष्य त्याभोवती आखलं गेलं. दोघं चारचौघांत एकत्र दिसणं टाळायचे. इंडस्ट्रीत सगळ्यांना माहीत होतं, पण स्टुडिओंची पब्लिसिटी खाती एवढी पॉवरफुल होती की बरीच वर्षं त्याबद्दल छापूनच आलं नाही. आणि गंमत बघा, एवढी स्वतंत्र विचारांची कॅथरिन, पण नऊच्या नऊ सिनेमांत पहिलं नाव स्पेन्सरचंच लागलं.

आता लुईसकडे येऊ या. ज्या 1942 मध्ये ‘वुमन ऑफ द इयर’ थिएटरात लागला, त्याच वर्षी लुईसने लॉस एंजेलिसमध्ये ‘जॉन ट्रेसी क्लिनिक’ सुरू केलं. कर्णबधिर मुलांच्या आई-वडिलांना तिथे फुकट शिकवलं जायचं. लांब राहणाऱ्या पालकांसाठी पोस्टाने धडे जायचे. सुरुवातीच्या काळात पैसा मुख्यतः स्पेन्सरच्या कमाईतून येत होता. मेहनत लुईसची. वॉल्ट डिस्नेने संस्थेला हात दिला आणि ज्या जॉनसाठी हे सगळं उभं राहिलं, तो पुढे डिस्नेच्याच स्टुडिओत चित्रकार म्हणून नोकरीला लागला. त्या वर्षीची खरी ‘वुमन ऑफ द इयर’ कोण, हे तुम्हीच ठरवा.

साठच्या दशकात स्पेन्सरची तब्येत ढासळली. दारूने, सिगारेटने आणि धसक्याने शरीर पोखरलं होतं. 1962 नंतर कॅथरिनने जवळपास पाच वर्षं एकही सिनेमा केला नाही. ती त्याची काळजी घेत होती. दिग्दर्शक जॉर्ज कुकरच्या आवारातल्या छोट्या घरात तो राहायचा.

मग दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमर ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ घेऊन आला. एका उदारमतवादी गोऱ्या आई-बापाची मुलगी घरी येते आणि सांगते, मला या माणसाशी लग्न करायचंय. तो डॉक्टर आहे, हुशार आहे, सज्जन आहे आणि काळा आहे. ती भूमिका सिडनी पॉइटिएची. आयुष्यभर समानतेच्या गप्पा मारलेल्या बापाची आता परीक्षा. जावई इतका परिपूर्ण दाखवला की हा सिनेमा फार गुळगुळीत झाला अशी टीका झाली आणि ती चुकीची नाही. पण तेव्हा अमेरिकेतल्या 16-17 राज्यांत असं लग्न कायद्याने गुन्हा होतं, हेही विसरू नका.

स्पेन्सर एवढा आजारी होता की विमा कंपनी त्याची जबाबदारी घेईना. शेवटी कॅथरिन आणि क्रेमर यांनी स्वतःचं मानधन हमी म्हणून ठेवलं. म्हणजे तो मध्येच गेला असता तर दोघांना एक पैसा मिळाला नसता. तो दिवसाला जेमतेम काही तास काम करायचा. शेवटी बाप सगळ्यांना बसवून मनातलं बोलतो, तो लांबलचक सीन त्याने तसाच थकलेल्या शरीराने केला. तो बोलत असताना कॅथरिनच्या डोळ्यांत पाणी आहे. ते ग्लिसरीनचं असेल असं मला तरी वाटत नाही.

शूटिंग संपल्यावर 17 दिवसांनी, 10 जून 1967 ला, स्पेन्सर गेला. हृदयविकाराचा झटका, राहत्या घराच्या स्वयंपाकघरात. दोनच दिवसांनी, 12 जूनला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ खटल्यात आंतरवंशीय लग्नांवरची बंदी रद्द केली. डिसेंबरमध्ये सिनेमा लागला, तेव्हा त्यातला कायदा जुना झाला होता आणि त्यातला बापही नव्हता.

अंत्यविधीला लुईस आणि मुलं होती. कॅथरिन गेली नाही, त्याच्या कुटुंबाचा मान राखायचा म्हणून. या सिनेमासाठी तिला ऑस्कर मिळालं, पण तो पूर्ण सिनेमा तिने कधीच बघितला नाही. 1983 मध्ये लुईस गेली, तोवर स्पेन्सरबरोबरच्या नात्याबद्दल कॅथरिनने जाहीरपणे बोलणं टाळलं.

मग स्पेन्सर ग्रेट होता की वाईट? एका शब्दात उत्तर हवं असेल तर ते मिळणार नाही. दोन बायकांनी आपापल्या आयुष्याचा मोठा तुकडा त्याच्यासाठी बाजूला ठेवला, आणि त्यातल्या एकीने उरलेल्या तुकड्यातून हजारो मुलांसाठी संस्था उभी केली. तोही आपल्या सिनेमांतून असं काही मागे ठेवून गेला, जे आज बघताना आपण मोबाइल बाजूला ठेवतो.

या वीकेंडला सुरुवात ‘ॲडम्स रिब’पासून करा, मग ‘डेस्क सेट’ बघा आणि ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ शेवटी. आई-बाबांबरोबर बघितलात तर उत्तमच. शेवटच्या सीननंतर जेवताना घरात जी चर्चा होईल, ती सिनेमाइतकीच रंगेल, गॅरंटी!