बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे

सुधारणा म्हटली की आपल्याला पुणं-मुंबईच आठवते. पण बाईमाणसाची बाजू ठणकावून मांडणारं मराठीतलं एक जुनं पुस्तक आपल्या वऱ्हाडातल्या बाईनं लिहिलं, हे किती जणांना ठाऊक आहे? त्या बाई म्हणजे ताराबाई शिंदे.

त्यांचा जन्म १८५० चा, गाव बुलढाणा. घराणं मराठा. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. मुलीला शाळेत घालायची रीत नव्हती, तेव्हा वडिलांनी ताराबाईंना घरीच शिकवलं.

१८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर खटला झाला. लोकलाजेपायी तिनं पोटचं मूल मारलं होतं. कोर्टानं फाशी सुनावली, पुढं अपिलात ती टळली आणि हद्दपारीची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांतून मात्र समस्त बायकांच्या चालचलणुकीवर टीका सुरू झाली. त्या मुलाच्या बापाबद्दल कुणी चकार शब्द काढीना.

ताराबाईंना हे सोसलं नाही. १८८२ साली पुण्यात त्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक छापून निघालं. प्रती फक्त ५००. म्हणणं सरळ होतं. जे दुर्गुण बाईच्या माथी मारता, ते पुरुषात नाहीत काय? बायको मेली की पुरुष लगेच दुसरी करतो, मग नवरा मेला तर बाईनं जन्मभर कोपऱ्यात का बसावं? ही चाल फक्त ब्राह्मणांत नाही, इतर जातींतल्या मोठ्या घरांतही शिरली आहे, हेही त्यांनी दाखवून दिलं.

पुस्तकावर टीकेची झोड उठली. स्वतःला सुधारक म्हणवणारेही नाराज झाले. जोतीराव फुले तेवढे पाठीशी उभे राहिले; १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी टीकाकारांना फटकारलं. ताराबाईंचं दुसरं पुस्तक मात्र निघालं नाही. १९१० च्या सुमारास त्या वारल्या. पुढं १९७५ साली स. गं. मालशे यांनी हे पुस्तक पुन्हा छापून लोकांपुढं आणलं.

आता तुम्ही म्हणाल, या जुन्या गोष्टीचं आम्हाला काय? तर बघा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. म्हणजे ताराबाईंच्या पुस्तकाला १४० वर्षं झाल्यावर. त्याच महिन्यात शासनानंही इतर ग्रामपंचायतींना तसं करण्याविषयी परिपत्रक काढलं.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी आपल्या गावच्या ग्रामसभेत हा विषय जरूर घ्यावा. ठरावासोबत आणखी एक काम करा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला मुलांच्या बरोबरीनं हिस्सा दिला आहे. गावात कुणी शेतकरी वारला, तर वारसनोंदीत त्याच्या बायकोचं नाव लागलं की नाही, हे आधी पाहा. कुंकू राहिलं आणि सातबाऱ्यातून नाव गेलं, तर त्या माउलीच्या हाती काय उरलं?