विश्लेषण : ‘चीफ्टन्स’च्या आधीचा वाद्यमेळ कोणाचा?

आयरिश लोकसंगीत म्हटले की ‘द चीफ्टन्स’चे नाव पुढे येते. पण या बँडचे बहुतेक पहिले वादक तयार झाले ते दुसऱ्याच एका माणसाच्या तालमीत. तो माणूस म्हणजे शॉन ओ रियाडा.

कोण होते ओ रियाडा?

जन्म १९३१, कॉर्क. शिक्षण पाश्चात्त्य अभिजात संगीताचे. आयर्लंडच्या सरकारी रेडिओवर संगीत विभागाचे सहायक संचालक झाले, नोकरी सोडून काही काळ पॅरिसला गेले आणि परतल्यावर डब्लिनच्या ॲबी थिएटरचे संगीत दिग्दर्शक झाले. स्वातंत्र्यलढ्यावरील ‘मिशे एरे’ या १९५९च्या माहितीपटात त्यांनी जुन्या लोकधुना पूर्ण वाद्यवृंदातून ऐकवल्या आणि त्यांचे नाव घराघरांत पोहोचले.

नवे काय केले?

तेव्हा लोकसंगीत म्हणजे ‘केली बँड’. नाचाच्या सभागृहात अकॉर्डियन, फिडल, पियानो, ड्रम सगळे एकाच वेळी एकच धून वाजवत. नाचायला ठीक, पण त्यात एकेका वादकाची नजाकत बुडून जाई आणि ओ रियाडांचा राग नेमका यावर होता. १९६०च्या सुमारास त्यांनी ‘क्योलतोरी खुआलन’ हा गट उभारला. त्यात पॅडी मोलोनी कोपराखालच्या भात्यावर चालणारे इलन पाइप्स वाजवत, शॉन पॉट्स टिनची शिट्टी, मार्टिन फे फिडल, तर मायकेल टब्रिडी बासरी. धून एकाने उचलायची, दुसऱ्याने आपल्या ढंगाने फिरवायची, मग दोघांनी आणि शेवटी सर्वांनी, अशी रचना. खेड्यातल्या सणात बडवले जाणारे बौरान हे डफासारखे वाद्य त्यांनी मैफलीच्या मंचावर आणले. जुन्या तारांच्या हार्पचा भास व्हावा म्हणून स्वतः हार्पसिकॉर्ड वाजवले. लोकसंगीत ऐकायला लोक रंगमंदिरात शांत बसू लागले, हा बदल लहान नव्हता.

मग चीफ्टन्स?

१९६२मध्ये मोलोनींनी क्लॅडा रेकॉर्ड्ससाठी वेगळा गट केला. पॉट्स, फे आणि टब्रिडी त्यात होतेच. दोन्ही गट काही वर्षे शेजारी शेजारी चालले. ओ रियाडा मात्र कॉर्कच्या विद्यापीठात शिकवू लागले आणि आयरिशभाषक कूल ए गावी जाऊन राहिले. तेथे त्यांनी गावकऱ्यांचे पुरुष गायकवृंद उभारले, चर्चसाठी आयरिश भाषेत प्रार्थनासंगीत रचले. १९६९मध्ये डब्लिनच्या गेयटी थिएटरमध्ये त्यांच्या गटाची गाजलेली मैफल झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी गट मोडला.

मद्याने यकृत पोखरले होते. ३ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले, वय अवघे ४०. गायकवृंद मुलगा पॅडरने सांभाळला. १९७५मध्ये स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘बॅरी लिंडन’मध्ये ओ रियाडांची ‘म्ना ना हेरन’ ही धून जगाने ऐकली. वाजवणारे होते चीफ्टन्स.