रे. डॉ. जॉन विल्सन व त्यांची शाळा

मुंबईस गिरगाव चौपाटीसमोर विल्सन कॉलेजची दगडी इमारत उभी आहे. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांनी ती पाहिली असेल. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी तिचे नाव तरी ऐकले असेल. परंतु ज्यांचे नाव तिला दिले आहे, त्या रे. डॉ. जॉन विल्सन यांच्या दृष्टीस ती कधीच पडली नाही. इमारत उघडली ती १८८९ साली, आणि विल्सन साहेब १८७५ सालीच प्रभूकडे गेले होते. त्यांच्या हयातीत त्यांच्या शाळेस एकाहून अधिक वेळा जागा बदलावी लागली, व एकाहून अधिक वेळा तिचे वर्ग ओस पडले. थोरांची चरित्रे सांगताना त्यांचे यश तेवढे सांगण्याची रीत आहे. आम्ही मात्र हे चरित्र त्या ओस पडलेल्या वर्गांसाठी वाचकांपुढे ठेवीत आहो.

विल्सन साहेबांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडातील लॉडर या लहानशा गावी, शेती करणाऱ्या घराण्यात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी ते एडिंबरो येथील विद्यापीठात दाखल झाले. तेथे ईश्वरविद्येचा अभ्यास करीत असता, परदेशी सुवार्ता नेण्याच्या कामी साहाय्य व्हावे म्हणून त्यांनी १८२५ साली विद्यार्थ्यांची एक संस्था स्थापन केली. १८२८ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, त्याच वर्षी मार्गारेट बेन या सुशिक्षित व भक्तिमान स्त्रीशी त्यांचा विवाह झाला, आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये हे उभयता मुंबईच्या बंदरात उतरले.

येताच त्यांनी शाळा उघडली नाही. प्रथम ते कोकण किनाऱ्यावरील बाणकोट व हर्णै या ठिकाणी मिशनच्या ठाण्यांवर राहिले आणि मराठी शिकू लागले. पुढे गुजराती, हिंदुस्तानी, संस्कृत, फारसी व जुनी पारशी धर्मभाषा यांचाही त्यांनी अभ्यास केला. त्यांचे समकालीन डॉ. डफ यांनी कलकत्त्यास इंग्रजीच्या द्वारे ज्ञान देण्यावर सर्व भर ठेवला होता. विल्सन साहेबांनी इंग्रजी शिकविली खरी, तथापि मनुष्याच्या अंतःकरणाचे दार त्याच्या मातृभाषेनेच उघडते, ही गोष्ट त्यांनी कधी दृष्टीआड होऊ दिली नाही. १८३१ साली मोरभट दांडेकर यांच्याशी धर्मविषयावर त्यांचा जाहीर वादविवाद झाला. त्या काळच्या त्यांच्या लेखणीत काठिण्य होते व त्याने अनेकांची मने दुखावली, हे येथे लपविण्याचे कारण नाही. परंतु ज्या ग्रंथांविषयी ते बोलत, ते त्यांनी परिश्रमाने वाचलेले असत.

१८३२ साली त्यांनी मुंबईत मुलांची इंग्रजी शाळा उघडली. ती अंबरोळी येथील शाळा म्हणून प्रसिद्ध झाली. मुलींच्या शिक्षणाचा भार मार्गारेटबाईंनी उचलला होता. मुलींना शिकविणे हे लोकांस विपरीत वाटे असा तो काळ. अशा काळी या बाईंनी स्वतः मराठी शिकून मुलींच्या शाळा चालविल्या. मुंबईतील सेंट कोलंबा शाळेचा उगम त्यांच्याच कामात आहे.

१८३५ च्या आरंभी विल्सन साहेब गुजरात व काठेवाडच्या फेरीवर होते. जुनागडजवळ गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिळेवरील लेख त्यांनी मार्च महिन्यात पाहिला. तिची अक्षरे त्या काळी कोणास वाचता येत नव्हती. साहेबांनी तिची नक्कल करवून घेतली. ती कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्या हाती पोहोचली, आणि अशोक राजाच्या आज्ञा शेकडो वर्षांनंतर पुन्हा वाचल्या जाण्यास तिचे साहाय्य झाले. परंतु या फेरीवरून साहेब परतल्यास फार दिवस झाले नाहीत तोच, एप्रिल १८३५ मध्ये, मार्गारेटबाई मरण पावल्या. मुले लहान होती. मुलींच्या शाळांचा आधार गेला. साहेबांनी शाळा बंद केल्या नाहीत. पुढे मार्गारेटबाईंच्या बहिणी स्कॉटलंडहून आल्या व त्यांनी ते काम हाती घेतले.

दुसरा घाव १८३९ साली पडला. मे महिन्यात धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. शहरात मोठा क्षोभ उसळला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले, आणि धनजीभाई हे आपला विचार करण्याजोगे वयाचे आहेत असे ठरून त्यांना मोकळे सोडण्यात आले. ते विल्सन साहेबांबरोबर गेले. पण आईबापांनी आपली मुले शाळेतून भराभर काढून घेतली. कालपर्यंत ज्या वर्गांत बसावयास जागा पुरत नसे, तेथे आता थोडकी मुले उरली. सरकारकडे अर्ज गेले, वर्तमानपत्रांतून टीका झाली. साहेबांनी उरलेल्या मुलांना पूर्वीप्रमाणेच शिकविले.

चार वर्षांनी पुनः तेच झाले. प्रकृती बिघडल्यामुळे साहेब १८४३ च्या आरंभी मायदेशी निघाले होते. त्यांच्या पश्चात सप्टेंबरमध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने रे. नेस्बिट यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनरींच्या घरी येऊन राहिला. तो सुमारे बारा वर्षांचा होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर यांनी खटपट केली व त्यासाठी सनातनी लोकांचा रोष पत्करला. या प्रकरणाकडे पाहताना आपण एकाच बाजूचे दुःख पाहू नये. ज्या पित्याचा पुत्र घर सोडून गेला त्याच्या अंतःकरणाची व्यथाही खरी होती. आपल्यातील किती कुटुंबांत ही व्यथा दोन्ही अंगांनी भोगलेली आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे.

त्याच वर्षी स्कॉटलंडातील मंडळीत फूट पडली. मंडळीच्या कारभारात सरकारचा हात असू नये, अशी ज्यांची धारणा होती त्यांनी फ्री चर्च स्थापिले. विल्सन साहेब व मुंबईतील त्यांचे सोबती त्यांना जाऊन मिळाले. याचा परिणाम असा झाला की, त्यांच्या शाळेसाठी मोठ्या खटपटीने उभारलेली नवी इमारत त्यांना सोडून द्यावी लागली. सदसद्विवेकबुद्धीसाठी शिक्षक आपल्याच शाळेतून बाहेर पडले.

साहेब धनजीभाईंना बरोबर घेऊन मिसर व पवित्र देश पाहत स्कॉटलंडास पोहोचले. त्या प्रवासाचा ग्रंथ १८४७ साली छापला गेला. १८४६ साली इसाबेला डेनिस्टन या बाईंशी त्यांचा दुसरा विवाह झाला. पाळकपदाची दीक्षा मिळालेले धनजीभाई व साहेब १८४७ साली परत आले, आणि कामाची घडी नव्याने बसू लागली. पुढे शाळेस खेतवाडीत इमारत मिळाली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या पहिल्या सभासदांत साहेब होते. १८६१ साली त्यांची संस्था विद्यापीठास जोडली गेली, आणि १८६८ पासून १८७० पर्यंत ते स्वतः विद्यापीठाचे कुलगुरू होते. पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या मंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले.

एवढा मान मिळाला तरी दीनदुबळ्यांसाठी त्यांचे दार उघडे असे. आफ्रिका खंडात शोध करणारे डॉ. लिव्हिंग्स्टन यांनी चुमा व विकतानी हे दोन आफ्रिकी मुलगे त्यांच्या शाळेत ठेविले होते. १८७३ साली लिव्हिंग्स्टन मरण पावले, तेव्हा त्यांचा देह शेकडो कोस वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणणाऱ्या विश्वासू सेवकांत हाच चुमा होता.

१८६९ साली साहेबांच्या सेवेस चाळीस वर्षे पूर्ण झाली. तेव्हा ज्या शहराने एके काळी त्यांच्या शाळेतून मुले काढून नेली होती, त्याच शहराच्या सर्व जातींच्या लोकांनी त्यांचा सत्कार केला व निधी जमविला. त्या निधीतून भाषाशास्त्रावरील विल्सन व्याख्याने सुरू झाली, आणि १८७७ साली ती देण्याचा मान रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना मिळाला. १८७० साली फ्री चर्चच्या महासभेने साहेबांना आपले अध्यक्ष केले. मायदेशी मानाने राहणे त्यांना शक्य होते, पण ते मुंबईस परत आले. इसाबेलाबाई १८६७ सालीच निवर्तल्या होत्या. १ डिसेंबर १८७५ रोजी, मलबार टेकडीवरील आपल्या घरी, एकाहत्तरावे वर्ष पुरे होण्यास दहा दिवस असता, त्यांनी देह ठेविला.

त्यांच्या श्रमाचे फळ कोठे पाहावे? नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल गाव वसवून खेड्यापाड्यांतील लोकांची सेवा केली. धनजीभाई नवरोजी १९०८ सालापर्यंत सुवार्तेचे काम करीत राहिले. यमुनापर्यटन लिहिणारे बाबा पदमनजी याच संस्थेत शिकले. ज्यांच्यामुळे वर्ग ओस पडले, त्यांतील दोघांची नावे या यादीत आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

जो शिक्षक वा उपदेशक आज चार मुले घेऊन बसतो, आणि सुगीच्या दिवसांत त्यांतली दोनच येतात म्हणून खिन्न होतो, त्याला आमची विनंती आहे की, त्याने १८३९ सालच्या त्या शाळेची आठवण करावी. लोकांची भाषा मन लावून शिकावी, विरोध करणाऱ्याचे दुःखही समजून घ्यावे, आणि दुसरे दिवशी सकाळी नेमल्या वेळी शाळेचे दार उघडावे. वाढ देणारा देव आहे.