डेव्हिड ससून

डेव्हिड ससून (ऑक्टोबर, इ.स. १७९२ : बगदाद – ७ नोव्हेंबर, इ.स. १८६४ : पुणे) हे मुंबईतील बगदादी ज्यू व्यापारी व दानशूर गृहस्थ होते.

व्यापार

दाऊद पाशाच्या जाचामुळे त्यांना बगदाद सोडावे लागले. इराणातील बुशहर येथे काही काळ राहून ते इ.स. १८३२च्या सुमारास सहकुटुंब मुंबईस आले. कापूस, कापड व अफू यांच्या व्यापारावर त्यांची पेढी भरभराटीस आली. चीनमधील शाखा त्यांनी मुलांकडे सोपविल्या.

धर्म व परंपरा

इ.स. १८५३ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारल्यावरही त्यांनी बगदादी पोशाख सोडला नाही. स्वाक्षरीही ते हिब्रू लिपीतच करीत. पेढीचा पत्रव्यवहार हिब्रू लिपीतील अरबीत चाले आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, व्यवहार बंद असत. भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग त्यांनी बांधविले. पुण्याच्या ससून रुग्णालयासही त्यांनी मोठी देणगी दिली.

वारसा

पुण्यातील ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजेच लाल देऊळ, त्यांच्या निधनानंतर इ.स. १८६७ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या आवारात त्यांची समाधी आहे. पुढील पिढी मात्र इंग्लंडमध्ये स्थिरावली. ज्येष्ठ पुत्र अब्दुल्ला यांनी अल्बर्ट हे नाव धारण केले व इ.स. १८९० मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला.