चाबूकस्वार विष्णुपंत छत्रे

कृष्णेच्या काठी, औदुंबर क्षेत्राच्या शेजारी, अंकलखोप हे गाव आहे. भारतात सर्कशीचा पाया घालणारे विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे या गावचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यांचा जन्म झाला. पेशवाई बुडून तेव्हा एक पिढी उलटून गेली होती. ज्या मराठी घोड्यांनी अटकेपर्यंत दौड मारली, त्यांच्या पागा ओस पडत चालल्या होत्या. लढाईच उरली नाही, तेथे स्वाराला विचारतो कोण? तरीही विष्णुपंतांचे मन घोड्याकडेच ओढ घेई. त्यांना दुसरे वेड होते ते गाण्याचे.

ही दोन्ही वेडे पुरवील असे एक शहर होते, ते म्हणजे शिंदे सरकारची राजधानी ग्वाल्हेर. ख्यालगायनातील थोर गवई हद्दूखाँ तेथे राहत. अश्वविद्येतील नामांकित जाणकार बाबासाहेब आपटे हेही तेथेच होते. विष्णुपंतांनी घर सोडले व ग्वाल्हेर गाठले. हद्दूखाँपाशी ते गाणे शिकले आणि आपट्यांपाशी घोडा शिकले.

घोडा शिकणे म्हणजे केवळ त्याच्या पाठीवर बसणे नव्हे. घोड्यांना शिकवून तयार करणाऱ्यास आपल्याकडे चाबूकस्वार म्हणतात. परंतु त्याच्या हातातील चाबूक मारण्यासाठी नसतो, दिशा दाखविण्यासाठी असतो. घोडा अंगाने बलाढ्य, पण मनाने अतिशय भित्रा. रानात पळून जाऊनच त्याने आपला जीव वाचविला आहे. म्हणून वाऱ्याने उडालेला कागद पाहूनही तो बुजतो. अशा प्राण्याला आधी खरारा करावा, हाताने चंदी चारावी, नाल पाहावा आणि त्याच्या कानांच्या हालचालींवरून त्याचे मन ओळखण्यास शिकावे. मग लांब दोरीला बांधून त्याला गोल गोल फिरवावे. यालाच कावा देणे म्हणतात. या काव्यातून घोड्याची चाल बांधली जाते. एकदा घाई केली आणि घोडा भ्याला, तर महिनाभराची मेहनत वाया जाते. विष्णुपंतांच्या अंगी ही चिकाटी मुरली. पुढे ते दक्षिणेत परतले व कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी अश्वशिक्षक म्हणून राहिले.

संस्थानची नोकरी, मानाची जागा, पोटाची चिंता नाही. असेच आयुष्य गेले असते, तर आज त्यांचे नाव कोणाला ठाऊक नसते.

१८७९ साली जुझेप्पे कियारिनी नावाचे इटालियन गृहस्थ आपली सर्कस घेऊन मुंबईस आले. सर्कस हा प्रकार मूळचा घोड्यांचाच. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टली या घोडदळातून निवृत्त झालेल्या शिपायाने तो सुरू केला. घोडा वर्तुळात धावत असला, की त्याच्या पाठीवर उभे राहणे सोपे जाते, हे त्याने हेरले. पाण्याने भरलेली बादली हातात धरून वेगाने फिरविली, तर पाणी सांडत नाही, हे मुलांनी पाहिलेच असेल. तसाच प्रकार येथे होतो. घोडा व स्वार दोघेही आतल्या बाजूला किंचित कलतात आणि वर्तुळातील वेगच स्वाराला सावरून धरतो. सुमारे ४२ फूट व्यासाचे रिंगण यासाठी योग्य ठरले, आणि जगभरच्या सर्कशींत आजही बहुधा तेवढेच रिंगण असते.

कियारिनीचा खेळ पाहण्यास कुरुंदवाडचे अधिपती गेले व त्यांच्याबरोबर विष्णुपंतही गेले. घोड्यांचे काम पाहून सारे थक्क झाले. मात्र भारतीय माणसाला असा खेळ उभारता येणार नाही, असे कियारिनीने बोलून दाखविले, अशी हकिगत सांगतात. विष्णुपंतांना ते बोल झोंबले. रिंगणात जे दिसत होते, त्यात त्यांना अपरिचित असे थोडेच होते! पालखीच्या रिंगणात अश्वाची दौड पाहणाऱ्या महाराष्ट्राला ते अशक्य का वाटावे? संस्थानिकांचा आश्रय पाठीशी घेऊन ते कामाला लागले. २० मार्च १८८० हा भारतीय सर्कशीचा जन्मदिवस मानला जातो. विष्णुपंतांच्या मंडळीला ग्रेट इंडियन सर्कस असे नाव मिळाले.

स्वतः विष्णुपंत घोड्यांची कामे करीत. त्यांच्या पत्नीही रिंगणात उतरत. उंच टांगलेल्या झुल्यावरील कसरती त्या करीत आणि जनावरांनाही शिकवीत. घरंदाज स्त्रीने चार लोकांसमोर येणेही ज्या काळी निंद्य समजले जाई, त्या काळी हे धैर्य केवढे मोठे! विष्णुपंतांच्या कीर्तीत या बाईंचा वाटा फार मोठा आहे, असे मला वाटते.

सर्कशीतील प्रत्येक घोडा एकाच कामाचा नसतो. ज्याच्या पाठीवर माणूस उभा राहणार, तो रुंद पाठीचा आणि शांत स्वभावाचा हवा. त्याची चाल घड्याळाच्या लंबकासारखी एकसारखी पडली पाहिजे. पाय घसरू नये म्हणून त्याच्या पाठीवर राळेची पूड चोळतात. लगामावाचून केवळ खुणेने फिरणारा घोडा चपळ व तल्लख लागतो. वाद्ये वाजू लागली, की घोडा तालावर नाचतो, असे प्रेक्षकांना वाटते. वास्तविक वाजविणारेच घोड्याच्या पावलांकडे डोळे लावून आपला ताल जुळवीत असतात.

हंगाम सुरू झाला, की विसावा नसे. पावसाळ्यात तंबू टिकत नाही. तेव्हा कोरड्या महिन्यांतच वर्षाची कमाई करून घ्यावी लागते. आज या गावी खेळ, तर काही दिवसांनी तंबू उतरवून पुढच्या गावी. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली व थळघाटातील १८६५ साली पुरा झाला होता, म्हणून एवढी फिरती शक्य झाली. मुंबईहून निघालेल्या आगगाडीला कल्याणपाशी दोन वाटा फुटतात. एक बोरघाटातून पुण्याकडे वळते. दुसरी शहाडवरून थळघाट चढून नाशिककडे व तेथून उत्तर हिंदुस्थानात जाते. मनुष्य गाडीत बसला की निश्चिंत होतो. घोड्याचे तसे नाही. डब्याच्या फळीवर टाप वाजताच तो मागे सरतो. पाणी बदलले, वैरण बदलली, की त्याच्या पोटात दुखू लागते, आणि घोड्याला ओकारी होत नसल्यामुळे साधी पोटदुखीही कधी कधी त्याच्या जिवावर बेतते. एका घोड्याच्या खुराला इजा झाली, तर रात्रीच्या खेळाचा सारा क्रम बदलावा लागतो. पुढे ही मंडळी समुद्र ओलांडून सिंहलद्वीपापर्यंत जाऊन आली. जहाजावर घोडे नेणे हे तर आगगाडीहूनही कठीण काम.

१८८७ च्या सुमारास विष्णुपंत मलबार किनाऱ्यावरील तेलिचेरी येथे गेले. तेथे कीलेरी कुन्हीकन्नन नावाचे व्यायामशिक्षक मुलांना कसरती व कळरीपयट्टू ही युद्धकला शिकवीत. त्यांचे शिष्य पाहताच विष्णुपंतांनी त्यांचे मोल जाणले. कुन्हीकन्नन यांनी सर्कशीसाठी कसरतपटू तयार करावेत, असे उभयतांत ठरले. १९०१ साली तेलिचेरीजवळ चिरक्कर येथे कुन्हीकन्नन यांनी सर्कशीची शाळाच काढली. त्यानंतर भारतातील बहुतेक सर्कशींत केरळचे कसरतपटू दिसू लागले. इकडे सांगलीच्या परिसरातही देवलांसारख्यांच्या सर्कशी निघाल्या. वन्य पशूंचे खेळ पुढे पुष्कळ वाढले. परंतु १९९८ साली भारत सरकारने वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल व माकड यांना खेळात आणण्यास मनाई केली.

आता विष्णुपंतांच्या दुसऱ्या वेडाची गोष्ट. हद्दूखाँ १८७५ साली वारले. त्यांचे पुत्र रहिमतखाँ हे अलौकिक गळ्याचे गवई. परंतु भावाच्या मृत्यूने त्यांच्या मनावर आघात झाला आणि ते भ्रमिष्टासारखे भटकू लागले. विष्णुपंतांना ते काशीस दीन अवस्थेत आढळले. गुरूचा मुलगा असा रस्त्यावर हिंडतो, हे त्यांना पाहवेना. त्यांनी रहिमतखाँना आपल्यापाशी आणले, त्यांच्या खाण्यापिण्याची व देखभालीची व्यवस्था लावली. मन बिघडलेल्या माणसाला सांभाळणे हे अवघड व दीर्घ मुदतीचे काम. पण बुजलेल्या जनावरापाशी तासन् तास शांतपणे उभे राहण्याची त्यांना सवय होती. सर्कशीच्या मुक्कामी मग रहिमतखाँच्या गाण्याच्या बैठकी होऊ लागल्या. तंबूत घोड्यांची दौड आणि तंबूबाहेर ख्यालगायन, असा योग दुसऱ्या कोणत्या सर्कशीत आला असेल!

१९०५ साली विष्णुपंतांनी देह ठेवला. त्यांचे बंधू काशीनाथपंत यांनी सर्कशीचा कारभार हाती घेतला आणि रहिमतखाँनाही अंतर दिले नाही. रहिमतखाँ त्यानंतर सतरा वर्षे जगले. ज्या कुरुंदवाडात विष्णुपंतांनी संस्थानचे घोडे शिकविले होते, तेथेच १९२२ साली त्यांचा अंत झाला.