डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद : देशी औषधांचे कारखानदार

भोपाळहून इटारसीकडे जाणारी गाडी राणी कमलापती स्थानक मागे टाकून थोडी पुढे गेली की मंडीदीपची औद्योगिक वसाहत लागते. तेथे औषधांचे कारखाने आहेत. इंदूरजवळ पीथमपूरला आहेत, आणि आमच्या कोकणी मुलुखात, गोव्यातील वेर्ण्याच्या पठारावरही आहेत. घरात कोणाला ताप आला की कोपऱ्यावरच्या दुकानातून आपण गोळ्यांची पट्टी आणतो. ती आपल्याच देशात तयार झालेली असते, आणि त्यात काही विशेष आहे असे आपल्या मनातही येत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र ही गोष्ट अशी सहज नव्हती.

रसायनाचा कारखाना हे शब्द या शहरात हलक्या मनाने कोणी उच्चारीत नाही. १९८४ च्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांमधल्या त्या रात्री परदेशी भांडवलाच्या कीटकनाशक कारखान्यातून सुटलेल्या वायूने हजारो माणसे मारली. त्यांची मुलेबाळे, भावंडे आजही आपल्या शेजारी राहतात. म्हणून भांडवल आले की भले झाले, असे म्हणावयास आम्ही धजत नाही. ते कोणी गुंतविले आणि कशासाठी, हे विचारावेच लागते. हाच प्रश्न मनात ठेवून आम्ही डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांचे चरित्र वाचले, आणि ते विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे वाटले.

हमीदसाहेबांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ रोजी अलीगढ येथे झाला. रसायनशास्त्राची गोडी त्यांना महाविद्यालयात लागली. अलाहाबादेस शिकत असतानाच महात्माजींच्या असहकाराच्या चळवळीचे वारे देशभर वाहू लागले, आणि पुष्कळ तरुणांप्रमाणे तेही त्यात ओढले गेले. सरकारी शिक्षणाला पर्याय म्हणून १९२० साली अलीगढमध्ये जामिया मिलिया ही राष्ट्रीय विद्यापीठासारखी संस्था उभी राहिली होती. तेथे त्यांनी काही काळ रसायनशास्त्र शिकविले. पुढे ते जर्मनीस गेले आणि बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आले. त्या काळी आपल्याकडचे विद्यार्थी बहुधा विलायतेची वाट धरीत. परंतु रसायनशास्त्रात पंढरी होती ती जर्मनी. विद्यापीठातील संशोधन आणि कारखान्यातील उत्पादन तेथे हातात हात घालून चालत असे, आणि एकेका शोधावर रंगांच्या नि औषधांच्या मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहत. हमीदसाहेब पदवीखेरीज हा धडाही बरोबर घेऊन आले, असे त्यांचे पुढील आयुष्य पाहता आम्हांस वाटते.

बर्लिनमध्येच त्यांची लुबा देर्चान्स्का या तरुणीशी ओळख झाली. त्या लिथुएनियाच्या, ज्यू कुटुंबातल्या. दोघांनी विवाह केला. त्यांचे ज्येष्ठ पुत्र युसुफ यांचा जन्म १९३६ साली विल्ना शहरी झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्या शहरातील ज्यूंवर काय ओढवले हे आपण इतिहासात शिकतो.

मायदेशी आल्यावर त्यांनी नोकरीत समाधान मानले नाही. १९३५ साली मुंबईत त्यांनी एक कंपनी नोंदविली. तिचे नाव केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज. एवढे लांबलचक नाव दुकानदाराच्या तोंडी बसणार कसे? त्याची आरंभीची अक्षरे जुळवून सिप्ला हे नाव झाले. अधिकृत भांडवल सहा लाख रुपयांचे होते. अधिकृत भांडवल म्हणजे तिजोरीतील रोकड नव्हे, हे येथे सांगावयास हवे. इतक्या रकमेचे भाग विकावयास कायद्याने मोकळीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. ते भाग घेणारी माणसे पुढे शोधावी लागतात. मुंबई सेंट्रल भागातील भाड्याच्या बंगल्यात काम सुरू झाले, आणि पहिली औषधे बाजारात यावयास १९३७ साल उजाडले. म्हणजे दोन वर्षे नुसता खर्च! शेतकरी पेरणीनंतर चार महिने आभाळाकडे पाहतो; औषधाच्या धंद्यात हीच मुदत वर्षांची होते.

हमीदसाहेब या वाटेवरचे पहिलेच प्रवासी होते असे मात्र नव्हे. कलकत्त्यास आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी बेंगॉल केमिकल काढून एक पिढी लोटली होती, आणि १९०७ साली बडोद्यास प्रा. गज्जर, प्रा. कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांनी अलेंबिकचा पाया घातला होता. परंतु देशाच्या गरजेच्या मानाने हे प्रयत्न तोकडे होते. वनस्पती आणि खनिजे येथून बोटीने जात, आणि तयार औषधाच्या बाटल्या चढ्या किमतीने परत येत.

४ जुलै १९३९ रोजी महात्मा गांधींनी सिप्लाच्या कारखान्यास भेट दिली. त्यानंतर दोनच महिन्यांत युरोपात महायुद्ध पेटले. बोटी अडल्या आणि औषधांची आवक आटली. ज्या वस्तू आपल्याला करता येणार नाहीत असे गृहीत धरले होते, त्या करणे आता भागच पडले. देशी कारखान्यांना युद्धाने असे काम दिले. याच सुमारास देशात औद्योगिक संशोधनाची मध्यवर्ती संस्था असावी असा आग्रह ज्यांनी धरला, त्यांत हमीदसाहेब होते. १९४२ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली, आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांची मालिका पुढे तिच्यातूनच उभी राहिली. फाळणीच्या वेळी त्यांनी हिंदुस्थानातच राहणे पसंत केले. मुंबईच्या विधान परिषदेचे ते दीर्घकाळ सभासद होते, आणि शहराचे शेरीफपदही त्यांनी भूषविले.

स्वातंत्र्य आले, तरी औषधांचा बाजार स्वतंत्र झाला नव्हता. सरकारने १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना काढला, तरीही १९७० च्या सुमारास देशातील औषधविक्रीचा दोन-तृतीयांशाच्या आसपास वाटा परदेशी कंपन्यांकडे होता. याच्या मुळाशी एक कायदा होता. तो १९११ चा, पेटंटचा. लाडवाच्या दृष्टांताने तो चटकन कळेल. बेसनाच्या लाडवावर एखाद्याला पेटंट दिले, तर दुसऱ्या कोणी निराळ्या युक्तीने, निराळ्या कढईत केलेला बेसनाचा लाडूसुद्धा बेकायदा ठरतो. हे झाले वस्तूचे पेटंट. उलट, पेटंट केवळ कृतीवर असेल, तर त्याची कृती टाळून आपली निराळी कृती शोधण्यास सुगरणीला मोकळीक राहते. जुन्या कायद्यात औषध या वस्तूवरच मक्ता मिळत असे. त्यामुळे येथला रसायनज्ञ कितीही हुशार असला, तरी त्याला हात जोडून बसणे प्राप्त होते. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात हा दोष दाखविला. भारतात औषधांच्या किमती जगात अत्यंत चढ्या आहेत, असे पुढे अमेरिकेच्या सिनेटच्या समितीलाही आढळले.

शेवटी १९७० साली नवा कायदा संमत झाला. त्याने औषधांच्या बाबतीत वस्तूचे पेटंट काढून टाकले आणि कृतीचे तेवढे ठेवले. तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. हमीदसाहेब २३ जून १९७२ रोजी निवर्तले. ज्या मोकळिकीत त्यांचा उद्योग पुढे फोफावला, ती त्यांच्या वाट्याला दोन महिनेच आली.

या कायद्यावर परदेशी कंपन्यांचा आक्षेप होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. एक नवे औषध शोधावयाचे तर अनेक वर्षे आणि अपार पैसा लागतो. शंभर वाटा चोखाळाव्या तेव्हा एक सापडते. फळ दुसऱ्याने तोडावयाचे, तर झाड लावील कोण? आमचे मत विचाराल, तर रोग्याला औषध मिळणे हे पहिले, हिशेब त्यानंतरचा. परंतु विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजू ऐकाव्या, आणि वादविवादमंडळात या विषयावर खुशाल भांडावे.

वडिलांमागे डॉ. युसुफ हमीद यांनी कारभार सांभाळला. एड्सवरील तीन औषधांच्या उपचाराला प्रत्येक रोग्यामागे वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येत असे. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाने तो उपचार सेवाभावी वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत, देऊ केला. आफ्रिकेतील रोग्यांना त्यामुळे जगण्याची वाट दिसू लागली. आज जगात खपणाऱ्या जेनेरिक औषधांपैकी, नगांच्या हिशेबाने, सुमारे पाचवा हिस्सा भारतातून जातो, आणि येथील औषधकारखान्यांत परदेशी भांडवलही मोठ्या प्रमाणावर येते. मात्र जागतिक व्यापार करारामुळे १ जानेवारी २००५ पासून वस्तूचे पेटंट पुन्हा लागू झाले.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गोळी येथे घडते, पण तिच्या पोटातील मूळ द्रव्याचा मोठा भाग चीनमधून येतो. २०२० साली महामारीने चीनमधील कारखाने आणि वाहतूक खोळंबली, तेव्हा महायुद्धात पडलेला पेच येथल्या कारखानदारांपुढे पुन्हा उभा राहिला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये केंद्र सरकारने ही मूळ द्रव्ये देशात तयार व्हावीत म्हणून ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली.